हगवण लागलेल्या वासराचं पाणी कसं भरून काढायचं

सकाळी गोठ्यात गेल्यावर एखादं वासरू उठून जवळ येत नाही. शेपटीला, मागच्या पायांना पिवळट पातळ शेण चिकटलेलं असतं. अशा वेळी मनात पहिली गोष्ट येते ती हगवण थांबवायची. कुणी गोळी सुचवतं, कुणी इंजेक्शन, कुणी सांगतं की दूध तोडा. माझ्या हातून गेलेल्या पहिल्या वासराला मी अगदी हेच केलं होतं. दोन दिवस दूध बंद केलं आणि हगवण बांधायची गोळी दिली. तिसऱ्या दिवशी शेण पडायचं थांबलं, तेव्हा मला वाटलं उतार पडला. दुपारी ते गेलं.

नंतर कळलं ते असं, की वासराचा जीव घेते ती हगवणीतून निघून गेलेली पाण्याची आणि क्षारांची तूट. हगवण विषाणूची असो, जिवाणूची असो की दूध जास्त झाल्याची, जाणारं पाणी वेळेवर आणि मोजून परत दिलं तर बहुतेक वासरं तरतात. म्हणून या लेखात औषधांपेक्षा लिटरांचीच चर्चा जास्त आहे.

आत काय घडतं

लहान वासराच्या वजनाचा ७० टक्क्यांहून जास्त भाग पाणीच असतो. जोराची हगवण लागली तर ४० किलोच्या वासराच्या अंगातून दिवसात चार लिटरपर्यंत पाणी जाऊ शकतं, म्हणजे वजनाच्या दहा टक्के. पाच टक्के तूट झाली तरी वरवर फारसं दिसत नाही. आठ टक्क्यांच्या आसपास वासरू मलूल होतं, दहाच्या पुढे आडवं पडतं आणि चौदा-पंधरा टक्क्यांवर मरतं. पहिल्या लक्षणापासून शेवटापर्यंत कधीकधी एकच दिवस मिळतो.

पाण्याबरोबर सोडियम, पोटॅशियम आणि बायकार्बोनेटही वाहून जातं. बायकार्बोनेट गेलं की रक्तातली आम्लता वाढते. वासराची मान खाली जाते, चालताना झोकांड्या जातात, दूध ओढायची इच्छा मरते. एक आठवड्यावरच्या वासरात ही आम्लता विशेष घातक असते. डोळे फारसे खोल गेलेले नसतानाही ते उभं राहू शकत नाही, आणि मालकाला वाटतं की पायात काहीतरी झालंय. अशा वासराला नुसतं पाणी पाजून भागत नाही. म्हणूनच पुढे द्रावणात काय हवं हे मी जरा सविस्तर सांगितलं आहे.

पहिली पायरी: पाच मिनिटं तपासणी

आधी लांबून बघा. हाक मारल्यावर वासरू उठतं का, कान कसे आहेत, श्वास कसा चालतोय. मग जवळ जा आणि पुढच्या चार गोष्टी याच क्रमानं करा.

ताप. थर्मामीटर गुदद्वारातून लावा. निरोगी वासराचं तापमान ३८.५ ते ३९.५ अंश सेल्सियस असतं. ३८ च्या खाली गेलं असेल तर अंग थंड पडायला लागलंय. ४० च्या वर असेल तर आत संसर्ग आहे असं धरा.

चोखण्याची ताकद. हात स्वच्छ धुऊन एक बोट तोंडात घाला. निरोगी वासरू लगेच जीभ गुंडाळून बोट ओढतं, टाळूला दाबतं. मलूल वासरू नुसतं चावल्यासारखं करतं, ओढत नाही. आणखी खालावलेलं असेल तर काहीच करत नाही आणि बोटाला तोंड आतून गार लागतं. या एका तपासणीवर पुढचा निम्मा निर्णय ठरतो. तोंडानं पाजायचं, नळीनं द्यायचं की शिरेतून सलाईन लावायचं, हे त्या बोटालाच कळतं.

डोळे. खालची पापणी हलक्या हातानं खाली ओढा आणि बुबुळाच्या गोळ्यात व पापणीत किती फट दिसते ते बघा. निरोगी वासरात फट नसतेच. आगकाडीची जाडी साधारण दोन मिलिमीटर असते, तिच्या अंदाजानं मोजता येतं. दोन काड्यांएवढी फट म्हणजे सुमारे सात टक्के तूट, तीन काड्यांएवढी म्हणजे दहाच्या आसपास.

कातडी. मानेच्या बाजूची कातडी चिमटीत धरा, किंचित पिळा, सोडा आणि मनात सेकंद मोजा. दोन सेकंदांच्या आत सपाट झाली तर ठीक. दोन ते पाच सेकंद लागले तर सहा ते आठ टक्के तूट. पाच ते दहा लागले तर आठ ते दहा टक्के. दहा सेकंदांनंतरही घडी उभीच राहिली तर वासरू धोक्यात आहे.

आजारानं आधीच हाडं वर आलेल्या वासराची कातडी पाणी पुरेसं असलं तरी हळू बसते, आणि डोळ्यामागची चरबी घटल्यानं डोळेही खोल दिसतात. अशा वासरात चोखण्याच्या ताकदीवर जास्त विसंबा. डोळे आणि कातडी यांचे आकडे वेगवेगळे आले तर मी नेहमी मोठा आकडा धरते.

दुसरी पायरी: लिटरांचा हिशेब

हिशेब सोपा आहे. एक किलो वजन घटलं म्हणजे एक लिटर पाणी गेलं. वासराचं वजन गुणिले तुटीची टक्केवारी, म्हणजे आजवरची बाकी. वजन ठाऊक नसेल तर छातीच्या घेरावरून वजन दाखवणारी फीत वापरा.

समजा वासरू ४० किलोचं आहे आणि तूट ७ टक्के. बाकी झाली २.८ लिटर. पण हगवण अजून चालूच आहे. आजच्या दिवसातही पाणी जाणार. हगवण बेताची असेल तर एक लिटर, मध्यम असेल तर दोन, पिचकारीसारखी असेल तर तीन ते चार लिटर धरा. मध्यम धरलं तर २.८ अधिक २, म्हणजे जवळपास पाच लिटर द्रावण येत्या चोवीस तासांत पोटात जायला हवं, आणि तेही नेहमीच्या दुधाव्यतिरिक्त.

हा आकडा ऐकून बरेच जण दचकतात. ‘दिवसातून दोनदा अर्धा अर्धा लिटर पाजतोय की’ असं मला अनेकांनी सांगितलंय. वर धरलेल्या वासराला एक लिटर म्हणजे गरजेच्या पाचव्या हिश्शाएवढंच. द्रावण दिलं आणि तरी वासरू गेलं, असं होतं तेव्हा बहुतेकदा द्रावण कमी पडलेलं असतं.

लहान चणीचं २५ किलोचं वासरू असेल तर त्याच टक्केवारीला बाकी १.७५ लिटर होते. आकडे वजनानुसार बदलतात, म्हणून दुसऱ्याच्या गोठ्यातलं प्रमाण आपल्या वासराला उचलून लावू नका.

तिसरी पायरी: द्रावणात काय हवं

आतड्याच्या अस्तरात एक सोय असते. सोडियम आणि ग्लुकोज बरोबर आले की ते दोघं जोडीनं आत ओढले जातात आणि त्यांच्यामागून पाणीही जातं. हगवणीतसुद्धा हा रस्ता बऱ्यापैकी चालू राहतो. नुसतं पाणी पाजलं तर ते तसं शोषलं जात नाही, शिवाय रक्तातलं उरलंसुरलं मीठ आणखी पातळ होतं.

वासरांसाठी तयार मिळणाऱ्या पुडीवर तीन गोष्टी शोधा: सोडियम, ग्लुकोज आणि आम्लता मारणारा घटक. हा तिसरा घटक बायकार्बोनेट, अॅसिटेट, प्रोपिओनेट किंवा सायट्रेट या नावानं लिहिलेला असतो. तो नसलेल्या पुड्या आजारी वासराला अपुऱ्या पडतात. निवड असेल तर अॅसिटेटवाली घ्या. बायकार्बोनेट आणि सायट्रेटमुळे पोटात दुधाचं दही नीट बनत नाही, अॅसिटेटचा तो त्रास नाही.

पुडीवर लिहिलंय तेवढंच पाणी घाला. घट्ट केलं तर जास्त ताकद येईल असं वाटतं, पण घट्ट द्रावण शरीरातलं पाणी उलट आतड्यात ओढतं आणि हगवण वाढते. पातळ केलं तर क्षार कमी पडतात.

रात्रीची वेळ आहे, वासरांची पुडी नाही, तर? माणसांची ओआरएस पुडी तिच्यावर लिहिलेल्या पाण्यात विरघळवून द्या. त्यात सोडियम आणि आम्लता मारणारा घटक वासराच्या गरजेपेक्षा कमी असतो, पण सकाळपर्यंत ती वेळ सांभाळून नेते. तीही नसेल तर एक लिटर कोमट पाण्यात मीठ ३.५ ग्रॅम, खाण्याचा सोडा २.५ ग्रॅम आणि ग्लुकोज पावडर २० ग्रॅम. पोटॅशियम क्लोराइड जवळ असेल तर दीड ग्रॅम. माणसांच्या ओआरएसचं जुनं सूत्र हेच होतं. चमच्यानं अंदाज न करता छोट्या काट्यावर तोला, कारण मीठ दुप्पट झालं तर वासराला झटके येऊ शकतात. सोडा खाण्याचाच हवा, धुण्याचा नव्हे.

आणि ग्लुकोजच्या जागी साखर घालू नका. आपल्या घरच्या साखरेचे तुकडे करणारा पाचकरस लहान वासराच्या आतड्यात जवळजवळ नसतोच. साखर न पचता पुढे जाते, जाताना पाणी ओढते आणि हगवण आणखी पातळ होते. गुळाचंही तेच. मायेनं साखरपाणी पाजून वासरू खालावल्याचं मी डोळ्यांनी बघितलंय, म्हणून हे इतकं आग्रहानं लिहितेय.

द्रावणाचं तापमान ३८ ते ३९ अंश ठेवा. गार द्रावण तापवायला आजारी वासराला स्वतःची शक्ती खर्चावी लागते. केलेलं द्रावण दुसऱ्या दिवसावर ढकलू नका, रोज ताजं करा.

चौथी पायरी: पाजायचं कसं

चोखतंय तोवर निपलच्या बाटलीनंच पाजा. बाटली वासराच्या डोक्याच्या किंचित वर धरा, मान फार उंच ताणू नका. निपलचं भोक कापून मोठं करू नका. घाई केली तर ठसका लागतो आणि द्रावण फुप्फुसात जातं. एका वेळी दीड-दोन लिटर पुरे. वासरानं अर्ध्यात सोडलं तर दहा मिनिटं थांबून पुन्हा द्या, बऱ्याचदा घेतं.

चोखत नाही, पण उभं आहे किंवा निदान छातीवर मान धरून बसलंय, अशा वासराला अन्ननळीची नळी, म्हणजे द्रावणाची पिशवी जोडलेली आणि तोंडातून अन्ननळीत घालायची नळी, वापरता येते. पहिल्यांदा डॉक्टरांसमोर करून शिका. लेख वाचून एकट्यानं करायचं हे काम नाही. पण एकदा हाताला बसलं की रात्री-बेरात्री वासरू वाचतं.

नळी वासराच्या नाकाच्या टोकापासून पुढच्या पायाच्या कोपरापर्यंत धरून बघा आणि तिथं चिकटपट्टीची खूण करा. तेवढीच आत जायला हवी. नळीला ओरखडे किंवा तुटकी कड असेल तर टाकून द्या, अन्ननळी फाटते. टोक कोमट पाण्यात बुडवून ओलं करा. वासराचं ढुंगण कोपऱ्याला टेकवा, डोकं सरळ समोर ठेवा. ओठाच्या कोपऱ्यातून नळी जिभेवरून मागे न्या आणि वासरू गिळतं त्या क्षणी पुढे सरकवा. जोर लावू नका.

आता सर्वांत महत्त्वाचं. गळ्याला बाहेरून हात लावा. कडक, कड्याकड्यांची एक नळी लागते, ती श्वासनळी. तिच्या मागे, थोडी डावीकडे तुमची नळी वेगळी हाताला लागली पाहिजे. दोन नळ्या लागल्या तर ठीक. एकच लागली, किंवा वासरू खोकायला लागलं, किंवा नळीच्या तोंडाशी श्वासाचा वारा लागला, तर बाहेर काढा आणि पुन्हा सुरुवात करा. खात्री होईपर्यंत एक थेंबही सोडायचा नाही.

द्रावण आपल्या वजनानं हळूहळू उतरू द्या, पिशवी दाबू नका. एका वेळी वजनाच्या पाच टक्क्यांपेक्षा जास्त नको, म्हणजे ४० किलोला दोन लिटर, २५ किलोला सव्वा लिटर. बाहेर काढताना नळी वरून चिमटून धरा, म्हणजे उरलेलं द्रावण घशात सांडणार नाही.

आडव्या पडलेल्या, मान टाकलेल्या वासराला नळीनं काही देऊ नका. ते उलटून फुप्फुसात जातं. नळीनं दूधही देऊ नका. नळीतून गेलेलं द्रव थेट मोठ्या पोटात, म्हणजे रुमेनमध्ये पडतं. द्रावण तिथून पुढे सरकतं, दूध मात्र आंबतं आणि आम्लता वाढवतं.

पाचवी पायरी: दूध चालू ठेवा

दूध तोडण्याचा सल्ला जुना आहे आणि आजही जागोजागी ऐकू येतो. दूध दिलं की शेण जास्त पडतं, म्हणून दुधामुळेच हगवण होते असं वाटतं. पण ओआरएसमधल्या ग्लुकोजमधून वासराला रोजच्या गरजेच्या मानानं फारच थोडी ताकद मिळते. दोन दिवस फक्त द्रावणावर ठेवलेलं वासरू भुकेनं खंगतं, थंड पडतं, आणि आतड्याचं अस्तर पुन्हा उगवायला लागणारं सामानही त्याला मिळत नाही.

म्हणून दूध तेवढंच ठेवा, फक्त वाटून द्या. दिवसाचं चार लिटर असेल तर तीन-चार वेळा. द्रावण दोन दुधांच्या मध्ये, निदान दोन-तीन तासांच्या अंतरानं. दुधात पुडी कालवू नका.

वरच्या ४० किलोच्या वासराचा दिवस मी साधारण असा लावते: सकाळी सहाला दूध दीड लिटर, दहाला द्रावण दीड लिटर, दुपारी एकला दूध एक लिटर, चारला द्रावण दीड लिटर, संध्याकाळी सातला दूध दीड लिटर, रात्री अकराला द्रावण दोन लिटर. वासरू सापडलं ती वेळ मधली असेल तर वेळापत्रकाची वाट न बघता पहिलं द्रावण तेव्हाच द्यायचं. स्वच्छ साधं पाणी वेगळ्या भांड्यात कायम समोर हवं.

हे सगळं भिंतीवर कागद लावून लिहा. वेळ, काय दिलं, किती प्यालं, ताप, लघवी झाली का. लघवीची नोंद विशेष ठेवा. बारा तास कोरडं असलेलं वासरू द्रावणानंतर मोकळेपणानं मुतलं की समजावं, पाणी रक्तात पोचलं.

ऊब

हगवणीचं वासरू ओल्या जागी पडून राहिलं तर द्रावण देऊनही खालावतं. आधी अंगावरचं शेण कोमट पाण्यानं पुसा आणि पोतं घेऊन अंग खरखरीत घासून कोरडं करा. खाली जाड कोरडा पेंढा हवा, बसल्यावर पाय त्यात बुडतील इतका. तापमान ३८ च्या खाली असेल तर कोमट पाण्याच्या बाटल्या कापडात गुंडाळून पोटाशी ठेवा. दिवा लावलात तर वासराच्या तोंडाच्या आणि पेंढ्याच्या आवाक्याबाहेर टांगा.

डॉक्टर कधी

बोट अजिबात चोखत नाही, उभं राहत नाही, तोंड गार आहे, तुटीचा अंदाज आठ टक्क्यांच्या वर जातोय, शेणात रक्त आहे, ताप ४० च्या वर आहे, बेंबी किंवा सांधा सुजलाय, पोट फुगलंय, किंवा चोवीस तास नीट द्रावण देऊनही फरक नाही. यांतलं एकही दिसलं तर लगेच बोलवा. अशा वासराला शिरेतून सलाईन लागतं आणि बऱ्याचदा त्यात बायकार्बोनेट. त्याचं प्रमाण डॉक्टरांनीच ठरवायचं. आम्लता वाढल्यावर पोटॅशियम पेशींतून बाहेर रक्तात येतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात, म्हणून घरच्या घरी बाटली लटकवण्याचं धाडस करू नका.

अँटिबायोटिकबद्दल मला स्पष्ट बोलायचंय. रोटा आणि कोरोना विषाणूंवर, तसंच क्रिप्टोस्पोरिडियम नावाच्या सूक्ष्म जीवावर नेहमीची अँटिबायोटिक चालत नाहीत. ताप असेल, शेणात रक्त असेल, वासरू फार खालावलं असेल तर डॉक्टर ती देतात आणि तेव्हा ती हवीच. पण हसतंखेळतं, दूध पिणारं, पातळ हगणारं वासरू दिसलं की गोळी टाकायची सवय आतड्यातले चांगले जिवाणू मारते. हगवण बांधणारी माणसांची औषधंही देऊ नका, कारण विष बाहेर पडायचा रस्ता त्यानं अडतो आणि पाणी आतड्यातच साठून राहतं. दुखण्यावरचं इंजेक्शन पाण्याची तूट भरल्यावर डॉक्टरांच्या सल्ल्यानंच, कारण कोरड्या पडलेल्या वासराच्या मूत्रपिंडाला ते झेपत नाही.

डॉक्टरांना वय आधी सांगा, त्यांना दिशा मिळते. पहिल्या चार-पाच दिवसांतली पाण्यासारखी हगवण बहुतेक ई. कोलाय या जिवाणूची असते. पाच दिवसांपासून दोन-तीन आठवड्यांपर्यंत रोटा, कोरोना आणि क्रिप्टोस्पोरिडियम. तीन आठवड्यांनंतर रक्तमिश्रित, कुंथून होणारी हगवण दिसली तर कॉक्सिडिया हे आतड्यातले सूक्ष्म परजीवी. म्हशीच्या रेडकांत गोल जंतही असतात, ते आईच्या दुधातूनच येतात.

बाकीच्या वासरांचं काय

आजारी वासरू वेगळं बांधा आणि त्याचं काम सगळ्यांत शेवटी करा. आधी निरोगी, मग आजारी. बाटली, बादली, बूट वेगळे ठेवा. साल्मोनेला आणि क्रिप्टोस्पोरिडियम माणसालाही होतात, म्हणून साबणानं हात धुतल्याशिवाय तोंडाला हात लावू नका आणि लहान मुलांना त्या कोपऱ्यात जाऊ देऊ नका. क्रिप्टोस्पोरिडियम नेहमीच्या जंतुनाशकांना दाद देत नाही. उकळतं पाणी आणि पूर्ण वाळवणं, हे दोन उपाय त्याला मारतात.

नव्यानं जन्मणाऱ्या वासरांना पहिल्या दोन-चार तासांत वजनाच्या दहा टक्के चीक पाजा. चोवीस तासांनंतर त्यातली रोगप्रतिकारक द्रव्यं आतड्यातून रक्तात जात नाहीत. एकामागून एक वासरं हगवत असतील तर गाभण गाईंना शेवटच्या महिन्यांत लस देण्याबद्दल डॉक्टरांशी बोला.

द्रावण बंद कधी करायचं

शेण घट्ट झालं म्हणून लगेच सगळं थांबवू नका. कातडी दोन सेकंदांत बसतेय, डोळ्याची फट मिटलीय, बोट जोरानं ओढतंय आणि लघवी नियमित आहे, असं सलग एक दिवस दिसलं की आधी दुपारचं द्रावण काढा, दुसऱ्या दिवशी सकाळचं, शेवटी रात्रीचं. शेण दोन-चार दिवस मऊच राहील, वासरू दूध पितंय तोवर त्याची काळजी करायचं कारण नाही. बरं झालेलं वासरू शेणातून जंतू टाकत राहतं, म्हणून आणखी आठवडाभर त्याला वेगळंच ठेवा. नळी आणि निपल गार पाण्यानं खळबळून, मग गरम साबणाच्या पाण्यानं आतून ब्रशनं घासून, उलटी टांगून उन्हात पूर्ण वाळवा. आत ओल राहिली तर पुढच्या वासराच्या पोटात तीच जाते.